टाकीच्या तोंडाशी

हिंदुराव अंबरनाथ एमआयडीसीत रसायनांच्या टाक्या साफ करणाऱ्यांवर बाहेरून लक्ष ठेवायचे. दर दोन मिनिटांनी आतल्या माणसाला हाक मारायची, ओ आली की पुन्हा घड्याळ बघायचं. एकदाच ते चहाला उठले. परतून हाक मारली, पण टाकीत उतरलेल्या देऊची ओ आली नाही. त्याचं प्रेतच बाहेर काढावं लागलं.

आज लेक श्रद्धा ऑपरेशनसाठी आत होती. दाराशी उभे राहून ते दर दोन मिनिटांनी हळूच तिला हाक मारत होते.

"अहो, भूल दिलीय तिला. कोण ओ देणार?" बायको अंजनी म्हणाली. "चला, चहा घेऊ."

"तू जा."

तीन तासांनी स्ट्रेचर बाहेर आलं.

"श्रद्धा!"

"ओ," ती पुटपुटली.

अंजनीला रडू फुटलं. हिंदुराव मात्र पुन्हा त्या बंद दाराकडे वळले.

"देऊ," त्यांनी हाक मारली.