वाळूला ऊन दाखवलं

त्या हिवाळ्यात नफूदच्या वाळवंटात मी संशोधकांच्या कॅम्पवर स्वयंपाकी होतो. सौदीत चौदा वर्षं काढली, पण दगडमाती बघून खूश होणारी माणसं पहिल्यांदाच पाहिली. कॅम्पच्या प्रमुख एक सौदी बाई. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. एकदा त्यांनी पांढऱ्या मातीतला एक शंख माझ्या हातावर ठेवला. मी म्हटलं, असले शंख आमच्या भातखाचरात मिळतात, हा गोड्या पाण्यातला. त्या हसल्या. म्हणाल्या, "इथे तळं होतं. पाणघोडे डुंबायचे." ते तळं कधीचं, हे शोधायला त्या आल्या होत्या.

त्यासाठी तिथेच खोल खड्डा खणून त्याच्या भिंतीत लोखंडी नळ्या ठोकून त्यांनी वाळू काढली आणि नळ्यांची तोंडं काळ्या टेपने बंद केली. नळ्यांना हात लावू नका, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. पण हात लावला नाही तर मी कसला? कॅम्प उठायला दोन दिवस उरले होते. सगळे बाहेर गेलेले, आणि एका नळीची टेप सुटलेली दिसली. बोट घातलं तर आत वाळू ओलसर. आता आम्ही कोकणातली माणसं. आमसुलं असोत की गोधड्या, ओलं काही कोंडून ठेवलं की बुरशी धरणार, आधी ऊन दाखवायचं! मी वाळू ताटात पसरली, वर पातळ फडकं बांधलं आणि शहाणपणाचं काम केलं म्हणून चहा टाकला.

डॉक्टर परतल्या, ताट पाहिलं आणि त्याच्याशेजारी वाळूतच बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या मोडक्या अरबीला समजेल अशा बेताने त्यांनी सांगितलं, वाळूचा कण शेवटचा उन्हात कधी होता, त्याचा हिशेब कणातच साठतो. पुन्हा ऊन लागलं की तो पुसला जातो. ही नळी तळ्याच्या बरोबर खालच्या थरातली, असली एकच. "खलास," त्या हळूच म्हणाल्या. खड्डाही बुजवून झाला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "डॉक्टर, खड्डा मी उकरतो." तरुणपणी मी जांभ्याच्या खाणीत चिरे काढलेत, सरळ भिंत कशी धरायची ते हाताला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजानंतर फावडं घेतलं. कॅम्पवरच्यांनी दुपारी खुबूसच्या विकतच्या रोट्या आणि थंड डाळ खाल्ली, कुणी कुरकुरलं नाही. उन्हं कलायच्या आत खालचा थर पुन्हा उघडा झाला. भिंतीवरून हात फिरवून डॉक्टर म्हणाल्या, "आमच्या भिंतीपेक्षा सरळ आहे." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग आम्ही दोघं काळ्या ताडपत्रीखाली शिरलो. त्यांनी नळी भिंतीला टेकवली आणि हातोडा माझ्याकडे दिला. "यल्ला, चल."

मी म्हटलं, "तुम्हीच ठोका. माझ्या हातून पुन्हा काही..."

"तूच ठोक," त्या म्हणाल्या आणि नळी दोन्ही हातांनी धरून राहिल्या. त्यांची बोटं हातोड्यापासून चार अंगुळांवर होती. एकदाही त्यांनी ती मागे घेतली नाहीत.