टाके दाखवायची हौस

"सांभाळून उतरा!" असं मार्कंड्याच्या देवळापाशी प्रवाशांना ओरडून सांगता सांगता मी स्वतःच बसच्या पायरीवरून पडलो आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली, पण अख्खी गाडी एकदम हसवण्याचा योग त्या दिवशीच आला. गडचिरोलीच्या दवाखान्यात आधी पायाला वजन बांधून पडून राहिलो, मग ऑपरेशन करून हाडात रॉड बसवला.

आमच्या भागात माणूस दवाखान्यात पडला की त्याला बघायला जाणं लग्नाला जाण्याइतकंच जरुरीचं. मी तर वाटेवरच्या सगळ्या गावांचा कंडक्टर. धानाची कापणी टाकून माणसं आली. कॉटवर बसली, खाली बसली. आता एवढ्या लांबून आलेल्या माणसाला नुसतं तोंड काय दाखवायचं? मी पट्टी उचलून टाके दाखवायला लागलो. हाताने तिकिटं फाडायच्या दिवसांपासून बोटाला थुंकी लावायची सवय, त्यामुळे चिकटपट्टीही थुंकी लावूनच सोडवायचो. "बापा! हा त रेल्वेचा रूळच हाये भाऊ," असं कुणी म्हटलं की छाती फुगायची.

"काऊन उघडून राह्यले घडीघडी? झाकून ठेवा ना," बायको म्हणायची. पाहुणचारातलं तिला काही कळत नाही, असं माझं मत होतं. सिस्टर ओरडायला आली की मी झोपेचं सोंग घ्यायचो.

मग थंडी वाजून ताप आला आणि टाक्यांतून पू यायला लागला. मी लगेच आवाज चढवला. दवाखान्याच्या चादरी, शेजारचा पेशंट, कुणालाच सोडलं नाही. माझ्या पोरीच्या वयाची डॉक्टर शांतपणे पुवाचा नमुना घेऊन गेली, वर नाकातूनही कापसाची काडी फिरवून नेली. "पाय मोडला आहे, नाक नाही," मी तिला सुनावलं.

दोन्हीकडे एकच जंतू निघाला. स्टॅफिलोकोकस, आणि तोही नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. "काका, हा दवाखान्यात नेहमी भेटणारा जंतू आहे," ती म्हणाली. "तुम्ही वजन बांधून पडला होतात, तेव्हा कुणाच्या तरी हातावरून तुमच्याकडे आला असेल. आमच्याही हातावरून असेल. पुढे जखमेत कसा शिरला, ते नक्की सांगता येत नाही." एवढं बोलून तिने माझ्या बोटाकडे पाहिलं. मी बोट चादरीखाली घेतलं. विनातिकीट माणूस पकडण्यात डेपोत माझा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हा पठ्ठ्या माझ्याच नाकात बसून फिरत होता.

मला वेगळ्या खोलीत हलवलं. पाहुणे बंद. आत येणाऱ्याने हातांना औषध चोळायचं, गाऊन आणि हातमोजे घालायचे. माझ्या नाकात मलम, अंगाला औषधी साबण, आणि शिरेतून थेंबाथेंबाने चढणारं भारी औषध. ते किडनीला सोसतंय ना, म्हणून पुन्हा पुन्हा रक्त काढायचे. तरी डॉक्टर म्हणाली, जखम उघडून आतून धुवावी लागेल. रॉड ढिला झाला असेल तर काढावा लागेल, आणि मग पाय आखूड राहू शकतो. आखूड पायाने चालत्या गाडीत कोण उभं राहणार? मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. मी फार भ्यालो होतो.

कमरेखाली बधिर करून समोर पडदा लावला. पलीकडे खरवडल्याचा आवाज, पाणी ओतल्याचा आवाज. शेवटी डॉक्टर म्हणाली, "रॉड पक्का आहे. राहू द्या." मी हमसून हमसून रडायला लागलो. सिस्टरला वाटलं बधिरपणा उतरला.

बाहेर आणलं तेव्हा दारापाशी बायको एकटीच उभी होती. "रॉड राहिला," मी म्हणालो. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. हात खरखरीत लागला म्हणून मी तो धरून पाहिला. तळवा कोरडा ठक्क, पांढरा पडलेला, पेरांवर चिरा गेलेल्या.

"हे काय झालं?"

"तुमाले हात लावाच्या आधी ते औषध चोळा म्हणत होते ना. कवा बाहेर आणतीन, काय मालूम? म्हणून बसल्या बसल्या चोळूनच राह्यली होती."