गाईचा घास

मोबाईलमधून एका बाईनं विचारलं, “काय खाल्लं तिनं?” आणि मी खोटं बोलले. “वैरण,” म्हणाले. “रोजचीच.”

आमची आठवा महिना लागलेली गाभण गाय गोठ्यात आडवी पडली होती. डावी कूस वर आली होती, जीभ बाहेर होती. सून तिच्या मानेशी गुडघ्यांवर बसली होती आणि मोबाईल गव्हाणीला टेकवलेला होता. त्यात तीसेक बायका छोट्या छोट्या चौकोनांतून गाईकडं बघत होत्या. मला वाटत होतं, त्या माझ्याकडंच बघतात.

सून जनावरं पाळणाऱ्या बायकांना मोबाईलवर शिकवते. एका संस्थेचा कोर्स आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बायका, दुपारी भांडी झाली की बसतात. सुरुवातीला ती लिहिलेलं पान समोर धरून वाचायची. बायका हजेरी लावून, मोबाईल तसाच चालू ठेवून निघून जायच्या. त्यांच्या चौकोनांत कुठं पत्रा दिसायचा, कुठं फिरणारा पंखा. एकीचा तर तासभर पिठाचा डबाच दिसत होता.

मी सुनेला म्हणाले, “तू डब्याला शिकवतीस.”

ती म्हणाली, “मग आत्या, तुम्हीच सांगा काय करू.”

मी चौथी शिकलेली. वाचून मला फारसं कळत नाही, ऐकून आणि बघून कळतं. तेवढंच सांगितलं.

मग तिनं जनावरांच्या पोटांचे आवाज मोबाईलमध्ये भरले. मी कुशीवर थापा मारायची, ती मोबाईल धरायची. चांगलं पोट भरल्या पोत्यासारखं वाजतं, फुगलेलं रिकाम्या हंड्यासारखं. फुगलेलं पोट शेजारच्या म्हशीचं मिळालं. नंतर तिनं हलतं चित्र केलं. घास गाईच्या गळ्यातून उतरतो, पोटात फिरतो, परत तोंडात येतो, चावून पुन्हा खाली जातो. ते चित्र मी कितीतरी वेळा बघितलं. जेवणानंतर बघता बघता डोळा लागायचा आणि झोपेत मीच रवंथ करत बसलेली असायची, नदीच्या काठी, गार पाण्यात पाय सोडून. जाग आली तरी काही वेळ तोंड हलत असायचं.

आवाज ऐकवून सून विचारायची, सांगा, यातलं आजारी पोट कुठलं? बायकांना टाइप करता येत नव्हतं, त्या बोलून पाठवायच्या. पुढं पुढं त्या आपापल्या गोठ्यातल्या थापा भरून पाठवायला लागल्या. तिन्हीसांजेला सून ते सगळं ऐकत स्वयंपाक करायची. केंदूरची गाय, पाटसची म्हैस. धप, धप. मधेच कुणाचं पोर रडायचं, कुठं हायवेची गाडी जायची. बाहेर अंधार उतरायचा आणि दोन तालुक्यांतली पोटं आमच्या घरात वाजत राहायची. मला वाटायचं, घर हेच एक मोठं जनावर आहे आणि आम्ही दोघी त्याच्या आत बसून भाकरी थापतोय.

पंखे आणि डबे गेले. तोंडं दिसायला लागली.

गाभण गाईला शिजलेलं गोडधोड घालू नये, याची एक फिल्म तिनं केली. त्यात पुरणपोळीची ताटली मागं ओढणारा हात माझा आहे. बांगड्यांवरून साऱ्या आळीनं ओळखला.

नंतर सर्वपित्री अमावास्या आली. पितरांना नैवेद्य दाखवला की एक वाटा गाईला घालायचा, ही आमच्याकडची रीत. आळीत जर्सी गाई पुष्कळ आहेत, गावठी आमची एकटीच. सून सकाळीच शिरूरला गेली होती. दहा वाजल्यापासून बायका ताटं झाकून यायला लागल्या.

शेजारीण म्हणाली, “जर्सीला घास घालून आमच्या सासऱ्यांना न्हाई पोचायचं. जित्तेपणीबी त्यांना जर्सीचं दूध चालत नव्हतं.”

दुसरी म्हणाली, “फिल्मवाल्या काकू, एकच घास. सुनंला नका सांगू.”

मी घालू दिलं. प्रत्येकीचा एकच घास, पण घरं अकरा, आणि बारावं आमचं. पुरणपोळी, खीर, भात, वडे. त्या हात जोडायच्या गाईला, पण उभी मीही तिथंच असायची आणि ते मला आवडत होतं. खोटं कशाला सांगू.

नंतर मी गोठ्यातच बसले. भाद्रपदातलं ऊन, खिरीचा वास, पत्र्यावर कावळ्यांची नखं वाजत होती. गाय डोळे अर्धे मिटून उभी होती. तिचं रवंथ करणं थांबलं होतं. ते मी बघितलं, आणि तिलाही माझ्यासारखी झोप आली असं समजून तिथंच पेंगले.

सणामुळं त्या दिवशी क्लास साडेचारला होता. शिरूरहून परतलेली सून गाभण गाईची कास दाखवायची म्हणून चालू मोबाईल घेऊन आत आली आणि बघते तर गाय पडलेली. डॉक्टरांना फोन केला. ते लांबच्या गावी होते, तास लागणार होता.

मी म्हणाले, “बंद कर तो मोबाईल.”

“ऱ्हाऊ द्या, आत्या. त्यांना पोटांचं ठावं हाय.”

पाटसची बाई म्हणाली, “मॅडम, कूस वाजवा. ऐकू द्या आमाला.” सुनेनं थाप मारली. “हंडा,” तिघी एकदम म्हणाल्या. मग केंदूरच्या बाईनं काय खाल्लं ते विचारलं आणि मी वैरण सांगितलं. वैरणीनं फुगली तर गोडं तेल पाजायचं, तेच त्यांनी सांगितलं. सून तेल आणायला पळाली. पाजलं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. गाय कण्हत होती.

सुनेनं शेणाचा वास घेतला. “आत्या, ह्ये आंबट का येतंय?”

“पुरण,” मी म्हणाले. “बारा घरचं.”

केंदूरची म्हणाली, “मंग पोट आंबलंय, सोडा पाजा मॅडम. बिगीनं.”

सुनेनं खायचा सोडा पाण्यात कालवला. मी सवयीनं गाईची मुंडी वर ओढली, तर तिनं माझा हात खाली दाबला. “उंच नका धरू, फुफ्फुसात जाईल.” आम्ही पोती लावून गाय छातीवर बसवली, तोंडात लिंबाची काठी आडवी बांधली. चघळता चघळता तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. डॉक्टर आले, त्यांनी नळी घातली, सलाइन लावलं. मोबाईल मधेच विझला, तोवर एकही बाई उठली नव्हती.

नवव्या दिवशी गाईनं वासरू टाकलं. मी पहिल्यांदाच खरं सांगितलं असतं तर ते वाचलं असतं का, असं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही.

पुढच्या क्लासला सुनेनं मला मोबाईलसमोर बसवलं. घरं किती, घास किती, खोटं कधी बोलले, सगळं मी बायकांना सांगितलं.

गाय जगली. वासरू जगलं नाही.