हौदातले पाय

"थांब. पाय टेकवू नको."

मालकीणबाईंनी दारातच हात आडवा केला. मग आत वळून सुनेला म्हणाल्या, "पेपर आण गं दोन. फरशी नवी आहे."

सुनेनं माझ्यापुढं पेपर अंथरला. दुसरा माझ्यासोबतच्या कांताकाकूपुढं. अकोल्यातलं त्यांचं नवं घर, नातवाचं बारसं, हॉल बायांनी भरलेला. सगळ्यांच्या चपला बाहेर, सगळ्यांचे पाय उघडे. कागद फक्त आम्हा दोघींच्या पायाखाली. बोलावलं होतं त्यांनीच, वावरात काम करणाऱ्या जुन्या बाया म्हणून.

एक पाहुणी माझ्या टाचा बघून शेजारणीला म्हणाली, "बाई गं, नांगरलेलं वावर आहे का हे?" दोघी हसल्या.

मी पण हसले. ते हसू मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

मग वाट्या फिरल्या. गाजराचा हलवा. गाजर मालकांच्या पातूरजवळच्या वावरातलं, आम्ही धुतलेलं. हातानं नाही. हौदात गाजरं ओततात, पाणी सोडतात, आणि आम्ही सात बाया लुगडी खोचून उतरतो. माती सुटेपर्यंत पायांनी तुडवतो. सकाळी उतरायचं, दुपारी निघायचं. थंडीत तर पाय आहेत की नाहीत कळत नाही. गाजराचा हंगाम सरला की पालक, मेथी, मुळा. पाणी आहेच.

आमच्या पायांनी तुडवलेलं गाजर यांच्या पोटात चालतं. पाय फरशीवर चालत नाहीत.

पण हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा नुसती लाज वाटली. घरी येऊन दगडानं टाचा घासल्या, रक्त येईपर्यंत. मग बिब्बा तापवून त्याचं तेल भेगांत भरलं. आमच्याकडं सगळ्याच बाया भरतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होत्याच. दुसऱ्या दिवशी तशीच हौदात उतरले. आठवड्यात पाय एवढा सुजला की चप्पल चढेना.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टर स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "द्या पाय इकडं."

मी पाय मागं ओढला. "घान हाये वो तो."

त्यांनी टाच धरली आणि माझा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला.

चाळिशी गाठली मी. माझा पाय कधी कोणी हातात घेतला नव्हता.

"घाण नाही ही, बाई. आजार आहे. अन् बिब्ब्यानं कातडी जाळून घेतली तुम्ही. काम काय करता?"

सांगितलं. त्यांचा हात थांबला. "रोज पाण्यात? अन् मालक बूट देत नाही?"

बूट मागता येतात, हेच मला ठाऊक नव्हतं.

जखम धुता धुता त्या सांगत होत्या. बोटांच्या मधात कोरडं पुसायचं, मग मलम. बरं वाटलं म्हणून मलम मधेच सोडायचं नाही. जखम भरली की कोमट पाण्यात पाय ठेवून वजरीनं हलकं घासायचं, पुसून लगेच खोबरेल, वरून मोजे. "दगड नको, बिब्बा नको, पत्ती तर नकोच नको."

पत्ती म्हटलं आणि मला कांताकाकू आठवली. तिच्या तळव्याला कुरूप होतं. दाढीच्या पत्तीनं छिलायची. तिला शुगर. "मले काईच दुखत नाई वं," असं वर तोऱ्यात सांगायची.

ते ऐकून सिस्टरचा चेहरा उतरला. "दुखत नाही तेच तर वाईट. शुगरवाल्याला पायाची जखम कळत नाही. तिनं रोज तळवे बघायला पाहिजेत. उद्याच आणा तिला."

आणलं. उशीर झाला होता. करंगळीशेजारचं बोट काळं पडलं होतं. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात ते काढलं.

कांताकाकूच्या जागी हौदावर तिची सून आली. तीही उघड्याच पायानं. मालक बांधावर उभे होते, पायात जाड बूट. मी कांताकाकूच्या बोटाचा विषय काढला, तर म्हणाले, "शुगर तिची, दोष आमाले. आपल्या पायाची काळजी घ्याले काय होते वं तुमाले?"

तिथं माझ्या आत काहीतरी तुटलं. लाज होती, ती तुटली.

मी हौदाच्या काठावर बसले.

"बूट द्या. गुडघ्यापर्यंतचे, रबरी. नाई त मी नाई उतरत."

"रानी झाली का तू? गाजर धुवाले आली का पायाचे चोचले कराले?"

"काळजी घ्या म्हने ना तुमी? घेऊन राहिली."

कांताकाकूची सून माझ्या बाजूला येऊन बसली. मग आणखी तिघी. दोघी मात्र उतरल्या. त्यांना मी बोलले नाही, घरी चूल सगळ्यांनाच आहे. पण एवढा ढीग दोघींना हलतो का? अमरावतीच्या बाजाराची गाडी समोर उभी, गाजरं मातीत. थोड्या वेळानं त्याही वर आल्या, ओल्या पायांनी आमच्यात बसल्या. गाडी त्या दिवशी रिकामी गेली.

तीन दिवस हौद कोरडा राहिला. गाजरं मऊ पडायला लागली. मालकांनी दुसऱ्या गावातून बाया आणायचं बघितलं, कोणी आलं नाही. आज सकाळी ते बूट घेऊन आले. पाच जोड. पुरुषी मापाचे.

"पाळीपाळीनं घाला," म्हणाले. "आता त झालं ना समाधान?"

नाही झालं. एकीच्या ओल्या बुटात दुसरीचा पाय म्हणजे चिखल्या वाटून घेणं. ढिल्या बुटात पाय घासून फोड येतो, आणि त्या फोडातून काय होतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. हे मी मालकांना तोंडावर सांगितलं, आवाज न चढवता. त्यांच्याशी पायांबद्दल एवढं कोणी कधी बोललं नसावं.

सात बाया. सात जोड. जिच्या तिच्या मापाचे.

मालक ओरडून राहिले आहेत. आम्ही काठावर बसलो आहोत. सातवा जोड येईपर्यंत एकही पाय पाण्यात जाणार नाही.