हॉट प्रेसमधली गोलकीपर

इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळणाऱ्या एका महिला फुटबॉल क्लबच्या गोलकीपरचा हात आयर्लंडमधल्या नास गावी आमच्या घरातल्या हॉट प्रेसमध्ये अडकला, तेव्हा घरात मी आणि सासूबाई अशा दोघीच होतो. (क्लबचं नाव सांगत नाही. त्यांच्या वकिलांकडून अजून काही आलेलं नाही, आणि येऊ नये अशी इच्छा आहे.)

हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. इकडे कपाटाला प्रेसच म्हणतात. ऐन डिसेंबरात आमचं हीटिंग बंद पडलं होतं आणि नवरा कामासाठी शॅननला गेला होता. कोल्हापूरहून आलेल्या सासूबाई दोन स्वेटरांवर माझा कोट चढवून, या देशात माणसं राहतात तरी कशी, हे सारखं विचारत होत्या. शेवटी मी शेजारच्या ब्रीडाला साकडं घातलं. पाठवते कुणाला तरी, असं ती म्हणाली.

दुपारी बेल वाजली. दारात ट्रॅकसूट घातलेली, उंच, रुंद खांद्यांची मुलगी उभी. ब्रीडाने पाठवलंय, म्हणाली. मला तेवढं पुरलं! बाई प्लंबर आली याचा मला इतका अभिमान वाटला, की जिना चढता चढता मी तिला स्त्री-पुरुष समानतेवर छोटंसं भाषण दिलं. तिने मध्येच काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण मी थांबले नाही. (चेरीवूडच्या माझ्या ऑफिसातही माझ्याबद्दल हीच तक्रार आहे.) वर जाऊन मी टॉवेल बाजूला केले आणि टाकी दाखवली. तिने टाकीकडे पाहिलं, कुडकुडणाऱ्या सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, वडील प्लंबर आहेत, बघते प्रयत्न करून. म्हणजे घरचाच धंदा! मी निश्चिंत झाले.

तिने टाकीमागच्या फटीत हात घातला आणि व्हॉल्व्ह फिरवला. पाइप गुरगुरले. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "माझा हात निघत नाहीये."

मी ओढून पाहिलं. तिने ओढून पाहिलं. सासूबाई मला बाजूला सारत म्हणाल्या, "अगं, बांगड्या भरताना काय करतोय आपण? त्याल आण जा."

तेल आणलं, तर त्या थंडीत खोबरेलाचा दगड झालेला. बाटली किटलीतल्या गरम पाण्यात धरून मी ते वितळवत बसले. तोवर सासूबाई त्या मुलीशेजारी ठिय्या मारून, हात आकडू नगंस, सैल सोड, असं अस्सल कोल्हापुरीत सांगत होत्या आणि तिच्या तोंडात लाडूचे तुकडे घालत होत्या. मुलीला एक शब्द कळत नव्हता, पण हात ती सैल सोडत होती.

तेवढ्यात आमची इरा शाळेतून आली. जिन्याच्या वरच्या पायरीवर तिचं दप्तर धपकन पडलं.

"मॅम," ती म्हणाली (इकडची मुलं आईला मॅम म्हणतात), "व्हाय इज ओर्ला इन अवर हॉट प्रेस?"

तू ओळखतेस हिला, असं मी विचारलं. इराने आपल्या खोलीचं दार ढकललं. समोरच्या भिंतीवर ओर्लाचं माणसाएवढं पोस्टर. त्या खोलीतल्या चादरी मीच बदलते, पोस्टर नेहमी दिसतं. पण पोस्टरमधली बाई तोंड उघडून जोरात ओरडत होती, आणि आमच्या घरी मी तिला तोंड उघडूच दिलं नव्हतं!

मग उलगडा झाला. ओर्ला म्हणजे ब्रीडाची भाची. दोन दिवस घरी आली होती, म्हणून इराला भेटायला ब्रीडाने तिला गुपचूप पाठवलं होतं. प्लंबर संध्याकाळी यायचा होता.

"शनिवारी यांची मॅच आहे," इरा इंग्रजीत पुटपुटली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ज्या हातांवर एक अख्खा क्लब अवलंबून, त्यातला एक माझ्या टॉवेलांमागे!

सासूबाईंनी उरलंसुरलं तेल ओतलं, मी पाइप एका बाजूला दाबून धरला, इराने ओर्लाला कमरेला धरून ओढलं. हात सटकन सुटला आणि त्या दोघी टॉवेलांच्या ढिगात उताण्या. ओर्लाने एकेक बोट हलवून पाहिलं. सगळी शाबूत. "ग्रँड," म्हणजे एकदम ठीक, असं ती म्हणाली, आणि इरा रडत रडत हसायला लागली. संध्याकाळी प्लंबर आला, तेव्हा त्या दोघी पॅसेजमध्ये मोज्यांच्या बोळ्याने पेनल्टी खेळत होत्या आणि सासूबाई पंच होत्या.

उन्हाळ्यात तिचा क्लब सराव सामन्यासाठी डब्लिनला आला. ओर्लाने आम्हाला तिकिटं पाठवली, थेट गोलमागची. पहिल्या हाफमध्ये मी घसा फोडून तिला प्रोत्साहन दिलं. मध्यंतरात चहा घेऊन आले आणि दुप्पट जोमाने पुन्हा सुरुवात केली. इरा हळूहळू सरकत पार रांगेच्या टोकाला जाऊन बसली. हाफ संपला की टीम बाजू बदलतात, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

सामना संपल्यावर समोरच्या टीमची गोलकीपर धावत माझ्याकडे आली. घरच्या मैदानावरसुद्धा इतकं प्रेम आपल्याला कुणी दिलं नव्हतं, असं म्हणून तिने आपले ग्लव्हज माझ्या हातात ठेवले. ते आता आमच्या दिवाणखान्यात आहेत. इरा पाहुण्यांना सांगते, "दोज आर मॅम्स."