हद्दीपलीकडचा नळ

माझा नवरा सुखदेव ऑस्ट्रेलियात आल्यापासून दिवसातून शंभरदा सॉरी म्हणतो. ट्रॉलीचा धक्का दुसऱ्याने मारला तरी सॉरी हाच म्हणणार. एकदा तर खुर्चीला पाय लागला म्हणून खुर्चीला म्हणाला! मला डोक्याला हात लावायची वेळ येते.

२००८ साल. क्वीन्सलँडमधल्या टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीत आम्हा देशी स्टुडंट्सचं पीक आलेलं, नोकऱ्यांचा मात्र ठणठणाट. सुखदेवचा कोर्स संपला होता, व्हिसा संपायला सहा आठवडे उरले होते. तेवढ्यात कुणी स्पॉन्सर केलं नाही तर गाशा गुंडाळून दोघांनी लातूरला जायचं. अशात दूर, आमच्या राज्याच्या हद्दीवरच्या गावातून, धान्याच्या गोदामाच्या ऑफिसातून इंटरव्ह्यूला बोलावणं आलं.

आम्ही दोन तास आधी पोचलो आणि गाव बघत फिरलो. गाव कसलं डोंबलाचं! एक रस्ता, एक पब, कुलूप लागलेली बँक. रस्त्याच्या टोकाला राज्याच्या हद्दीचं गेट, त्यापलीकडे न्यू साउथ वेल्स. दुकानातल्या बाईने सुटे पैसे हातात न देता काउंटरवरून सरकवले. एका पिकअप गाडीतून कुणीतरी "गो होम" ओरडलं. सुखदेव त्यालाही सॉरी म्हणाला.

गेट ओलांडल्यावर छोटी बाग होती, तिथे नळ होता. नव्या गावात गेलं की आधी सार्वजनिक नळाचं पाणी प्यायचं, कुणाला विचारायचं नाही, मग कामाला लागायचं, हे त्याला वडिलांनी लावलेलं वळण. त्याने ओंजळ धरली.

"ओय!" हॅटवाला एक माणूस धावत आला. "क्वीन्सलँडची गाडी ना तुझी? तुमचं पाणी पलीकडे. इथल्या बोअरला हात लावायचा नाही. दुष्काळ दिसत नाही?"

सुखदेवने तोंड पुसलं. "पब्लिक टॅप आहे," एवढंच म्हणाला. सॉरी नाही!

अकराला बागेसमोरच्याच गोदामात गेलो, तर मॅनेजरच्या खुर्चीत तोच हॅटवाला. गावात राहाल का, हे विचारायला त्याने मलाही आत घेतलं. कागद चाळले आणि हसला. "जॉब तुझा, मेट. फक्त सकाळचं सॉरी म्हणून टाक."

मी टेबलाखालून चिमटा काढला. म्हण की रे, फुकटचा तर शब्द!

"दुसऱ्या कशालाही म्हणेन, सर," सुखदेव म्हणाला. "पाण्याला नाही."

गाडीत मी त्याला सोलून काढला. "काय दिवे लावलेस! एका घोटापायी सगळ्यावर पाणी सोडलंस. आता बस लातूरला माश्या मारत!"

त्याने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, "मी सात वर्षांचा असताना बाबा शेजारच्या गावात पाणी प्यायले. तुमचं पाणी पलीकडे, असंच म्हणाले लोक. माझ्यासमोर हात जोडून माफी मागायला लावली. बाबांनी मागितली."

चार वर्षांच्या संसारात हे तो कधी बोलला नव्हता. मला एवढा संताप आला, एवढं रडू आलं, की स्टिअरिंग धरवेना.

गेटाच्या अलीकडेच मी गाडी थांबवली. मॅनेजर गोदामाच्या दारातून बघत होता. मी बागेत गेले, नळ सोडला, ओंजळ धरली. पाणी खारट होतं, कोमट होतं, अगदी भिकार होतं. मी पोटभर प्यायले.