शेपटी लावलेली पिकअप आणि आंबेनळीचं डावं वळण

गुरुवारी सकाळी आम्ही घाटाखालच्या कापडे गावात एका मोकळ्या भातशेतात पांढऱ्या फक्कीनं घाटाचं वळण आखत होतो. येणारे-जाणारे थांबून बघत होते. एकानं विचारलंच, “काय गो ताई, कबड्डीच्या मॅची हायत काय?”

आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ सुधीर. महाडच्या एमआयडीसीतला तातडीचा माल पोचवायचं काम आम्ही वर्षभर करतोय... एका पिकअपवर. कारखान्यातला एखादा पंप बंद पडला की प्रॉडक्शन थांबतं, आणि तो त्याच दिवशी दुरुस्तीला पोचावा लागतो.

काम वाढलं तेव्हा ज्यानं त्यानं सल्ला दिला, मोठा ट्रक घ्या. पण आमचा वेळ रस्त्यावर जातच नव्हता, गेटच्या आत जात होता. माल उचलणारी हायड्रा क्रेन मोकळी होईपर्यंत गाडी उभी, मग कागद होईपर्यंत उभी...

म्हणून मी वेगळंच ठरवलं. पिकअपच्या मागे जोडायचा दोन चाकांचा बुटका ट्रेलर. तो कारखान्यात सोडून यायचं, तो भरेपर्यंत पिकअप दुसरी फेरी मारेल. आणि बुटका असल्यामुळे फळ्या टाकून चेन पुलीनं पंप वर ओढता येतो, हायड्राची वाट बघायला नको.

ट्रक स्टँडवर आमची भरपूर चेष्टा झाली. सुधीरलाही खात्री नव्हती. तो मुंबईतली ड्रायव्हरची नोकरी सोडून माझ्या भरवशावर गावी आलेला, आणि जुने शेठ त्याला परत बोलावत होते. सोमवारपर्यंत ये, नाहीतर दुसरा माणूस घेतो म्हणाले होते.

अशात एका कारखान्याच्या मेंटेनन्स मॅनेजरनी पंप दुरुस्तीसाठी साताऱ्याला पोचवायचं कायमचं काम देऊ केलं. अट एकच. शनिवारी ते स्वतः केबिनमध्ये बसणार, आणि पंप घेऊन ट्रेलर आंबेनळी घाट कुठेही न अडकता चढला पाहिजे. अडकला तर काम लांबून फिरून जाणाऱ्या ट्रकला.

ट्रेलर विकणाऱ्यानं तो आठवडाभर वापरून बघायला दिला होता. मंगळवारी आम्ही रिकामाच घाटात नेला. मी सुधीरला म्हटलं, जिथं एसटी वळते तिथं आपलं हे एवढंसं वळणारच... आमच्याकडे रस्त्याचं माप एसटीच असतं.

पहिल्याच अवघड डाव्या वळणावर ट्रेलरचं आतलं चाक गटारात गेलं. मागे एसटी येऊन थांबली. कंडक्टर खाली उतरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, “ही शेपटी कशाला लावलीस रे?” प्रवाशांनीच उचलून चाक बाहेर काढलं.

परत येताना पोलादपूरला सुधीरनं गाडी बाजूला घेतली. मग म्हणाला, “ताई, तुझं डोकं चालतं, पण रस्त्यावर मी असतो. मी आपला जातो मुंबईला.”

मी म्हटलं, “शनिवारपर्यंत थांब, मग जा.” वीस वर्षं मी बातमीदारी केली. दिलेल्या वेळेआधी जेवढं करता येतं तेवढं करायचं, एवढंच मला येतं. बुधवारी टेप घेऊन आम्ही ते वळण मोजलं आणि गुरुवारी ते शेतात उतरवलं, गटाराच्या जागी पेंढ्या ठेवून.

दहा-बारा वेळा प्रयत्न केला. दर वेळी चाक पेंढ्यांवर...

बांधावर एक म्हातारबाबा बसले होते. रस्ता नसलेल्या वरच्या वाडीतले, लेकीकडे आलेले. बराच वेळ बघून त्यांनी सुधीरला हाक मारली. “ये पोरा, डोली कधी उचललीस काय?”

सुधीर नाही म्हणाला. बाबांनी कुंपणाचा एक लांब बांबू काढला, पुढचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं, मागचं सुधीरच्या. आणि फक्कीच्या रेघेवरून चालायला लागले. वळणाला बाबा आतून वळले, तसा सुधीर ओढला जाऊन पेंढ्यांत पडता पडता वाचला.

“बघ. मी आत घुसलो का मागचा दरीत जातो,” बाबा म्हणाले. “वाडीवरनं पेशंट खाली आनताना पुढच्यानं वळान भायेरनं घ्यायचं. आनि मागच्याचा पाय वळनाला लागल्याबिगर वळायचंच नाय.”

दुसऱ्यांदा ते बाहेरून फिरले. सुधीर रेघेच्या आत राहिला.

“किती जणांना आणलंत बाबा असं?” मी विचारलं.

“कोन मोजतो? पाडला कुनाला नाय.”

त्यानंतर सुधीर शेतात ऊन चढेपर्यंत वळत होता. शुक्रवारी पहाटे घाटात जाऊनही आला, ट्रेलरवर वाळूच्या गोण्या टाकून.

शनिवारी मॅनेजर सुधीरशेजारी बसले, मी खिडकीकडे. त्या डाव्या वळणाआधी सुधीरनं गाडी थांबवली. मॅनेजरनी लगेच माझ्याकडे बघितलं. वरून एक टेम्पो येत होता, तो जाऊ दिला, हॉर्न दिला... आणि मग सुधीर पार उजव्या कडेला गेला. मॅनेजरनी डॅशबोर्ड धरला. मी आरशात बघत होते. ट्रेलरचं चाक गटारापासून हातभर लांबून वर आलं.

“थांबलात कशाला?” गाडी पुढे गेल्यावर मॅनेजर म्हणाले.

“मागच्यासाठी,” सुधीर म्हणाला.

साताऱ्यात पंप उतरवल्यावर मॅनेजर एवढंच म्हणाले की सोमवारी दुसरा द्यायचाय, ट्रेलर रविवारीच आत आणून ठेवा.

संध्याकाळी आईनं सुधीरला विचारलं, सोमवारी मुंबईची गाडी कितीची धरतोयस? तो जेवत होता, वर न बघता म्हणाला, “सोमवारी सकाळी लवकर डबा कर. साताऱ्याला जायचंय.”

माप घेणं, आखणं, वेळ पाळणं मला येत होतं. वळायचं कसं ते बांधावर बसलेल्या माणसानं शिकवलं, आणि मी त्यांना साधा चहाही विचारला नव्हता. उद्या मी वरच्या वाडीला जातेय.